चतकोर भाकरी

माझी भाकरी मोठी असते. ही फुशारकी नाही, तक्रार आहे, आणि ती पुण्याच्या एका डॉक्टर मॅडमनी केलेली आहे. माझ्या कामाचे दोन भाग पडले ते त्या तक्रारीपासून. त्याआधी मी लोकांना पोटभर भाकरी खाऊ घालत होते. त्यानंतर एका पोरीला जवळजवळ बिनभाकरीचं जेवण कसं घालायचं, ते शिकले.

मी किनवटच्या पलीकडची, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडं, आणि पावसाळ्यात नदी कुणाला विचारत नाही, तेव्हा माझं शिक्षण तिथंच थांबलं. लग्नानंतर रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर आम्ही पुणे-नाशिक रस्त्यावर आलो. रस्ता पुढं सरकत गेला, टोळी त्याच्यामागं गेली, आणि आम्ही नवरा-बायको कळंबला राहिलो. झालं असं, की अण्णांच्या हॉटेलातली भाकरीवाली बाई बाळंतपणाला गेली होती. एका दुपारी मी पालासमोर तीन दगडांवर भाकरी करत होते. एक मिशाळ गृहस्थ येऊन उभे राहिले आणि बघतच राहिले. मला वाटलं, जागा सोडा म्हणायला आलेत. ते म्हणाले, "बाई, ही भाकर आमच्या तव्यावर हुईल का?"

मी म्हटलं, तवा मोठा लागेल. त्या गृहस्थांनी, म्हणजे अण्णांनीच, मोठा तवा आणला. नवऱ्याला हॉटेलची राखण मिळाली, आम्हाला हॉटेलमागची खोली मिळाली. ती खोली आजवर कुणी परत मागितलेली नाही. तरी सकाळी चूल पेटवताना अजून मनात येतं, आज मागतील का? परमुलखात राहणाऱ्या माणसाची ही धाकधूक समोरचा कितीही चांगला असला तरी जात नाही. उलट तो जितका चांगला, तितकी जास्त वाटते.

या अंकाचे संपादक आमच्याकडं जेवायला येतात. मावशी, तुमच्या कामाचं लिहा म्हणाले. मी म्हटलं, मी सातवी. तर म्हणाले, भाकरी मागताना तुमचं शिक्षण विचारतो का आम्ही? म्हणून लिहायला बसले.

आमचं हॉटेल मासवडीचं. बाहेरगावची माणसं पाटी वाचून विचारतात, मासे कुठले, खाडीतले का धरणातले? यात मासा नसतो. बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, खसखस, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करायची. ती दाबून माशाच्या अंगासारखी लांबट केली की वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वड्या अण्णांच्या मंडळी करतात, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. भाकरी माझी. एक भाकरी ताटात ठेवली की ताटाचा काठ दिसत नाही. ट्रकवाले म्हणायचे, मावशी, एक भाकर दोघांत पुरती, पण आम्ही दोन-दोन खातो.

शुगरवाली गिऱ्हाइकं मी तेव्हापासून बघत आले. पुण्याचे एक साहेब यायचे. भाकरी नको, भात नको, डायट आहे, असं मोठ्यानं सांगायचे, रस्सा वाट्यावर वाट्या प्यायचे, आणि जाताना बायको गाडीत बसली की गल्ल्याजवळच्या कुल्फीच्या पेटीत हात घालायचे. कुल्फी दोन घासांत संपवायची कला त्यांच्याकडं होती. दुसरे राजुरीचे एक द्राक्षबागायतदार, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी मात्र खरंच मनावर घेतलं. चहातली साखर सोडली, भाकरी अर्ध्यावर आणली, रोज बागेला फेऱ्या मारायला लागले. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बंद केली. तेव्हापासून आबा भेटेल त्याला गोळी सोडायला सांगतात. हे आबा पुढं येणार आहेत.

मनीषा अण्णांची एकुलती एक. मी आले तेव्हा ती परकर-पोलक्यात तव्याजवळ बसून पापुद्रा मागायची. भाकरी फुगली की वरचा पातळ पदर निघतो, तो. मंचरला कॉलेजात गेली त्या वर्षी ती वाळायला लागली. सारखी तहान, सारखी लघवी. आम्ही म्हणालो अभ्यासाचं टेन्शन. एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास धापा टाकल्यासारखा. पुण्याला नेलं, तेव्हा साखर यंत्रात मावत नव्हती. चार दिवस ती काचेच्या पलीकडं होती.

तिथं कळलं की हा आबांचा आजार नाही. शुगर शुगर म्हणतात सगळे, पण यात दोन जाती आहेत. आबांसारख्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं, ते नीट चालत नाही. मनीषाच्या शरीरात ते तयार व्हायचंच बंद झालं. ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, दिवसातून चार वेळा, जन्मभर. पोरीनं एक दिवस उपास केला, तरी एक इंजेक्शन लागतंच. घेतलं नाही तर माणूस राहत नाही. आणि जास्त झालं, तर साखर इतकी खाली जाते की तेवढ्यानंही माणूस राहत नाही. दोन्ही बाजूंनी विहीर, मधून पायवाट.

दवाखान्यातून येताना आहाराचा कागद दिला होता. त्यात दुपारी एक भाकरी, संध्याकाळी एक भाकरी. त्या मापानं इंजेक्शन. आम्ही कागदाबाहेर पाऊल टाकत नव्हतो. वहिनी तर कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवून बसल्या. तरी दुपारी जेवल्यावर साखर साडेतीनशे. मग ती उतरवायला वरून इंजेक्शन, की पाचच्या सुमाराला घाम, थरथर, पन्नासवर. अण्णा म्हणायचे, ही चोरून काहीतरी खाती. पोर रडून सांगायची, खात नाही. मला मात्र वाटायचं, आपल्या बाजरीतच काही दोष असेल. मी दळण बदललं.

पुढच्या खेपेला मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, घरातली एक भाकरी घेऊन या. पुन्हा गेलो तेव्हा मी माझ्या हातची, फडक्यात बांधलेली, टेबलावर उलगडली. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "ही भाकरी आहे की सूप?"

धान्य पाखडायचं सूप. मी मान खाली घातली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, चूक तुमची नाही, आमच्या कागदाची आहे. कागदावरची एक भाकरी शहरातली, तळहाताएवढी. तुमच्या एका भाकरीत त्या तीन-चार बसतात. गावाकडच्या माणसाला 'एक' म्हणून चालत नाही, 'केवढी' ते विचारायला पाहिजे होतं. त्यांनी वजनकाट्यावर भाकरी ठेवली, आणि मनीषा कपाळाला हात लावून हसायला लागली. दवाखान्यात हसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

त्याच दिवशी मनीषानं विचारलं, मॅडम, भाकरी एवढा घोळ घालते, तर ती कमीच केली तर? मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. लहान मूल असतं तर विचारही केला नसता म्हणाल्या. तू मोठी आहेस, समजदार आहेस, करून बघू, पण तीन अटी. भाकरी-भात कमी केला की इंजेक्शनही कमी करायचं, ते मला विचारून, हळूहळू. इन्सुलिन बंद कधीच करायचं नाही. आणि साखर जवळ असल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

मग बाहेर येऊन त्यांनी मला समजावलं. भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा, गूळ, सगळ्यांची पोटात साखरच होते. जितकं हे जास्त, तितकं इंजेक्शन जास्त, आणि तितकी अंदाज चुकायची जागा मोठी. मला ते माझ्या परीनं कळलं. काठोकाठ भरलेली घागर घेऊन चाललं की हिंदकळून अंग भिजतं. अर्धी घागर घेतली की चालता येतं.

भाकरीचं माप ठरलं चतकोर. भाकरीचे चार भाग केले की एक भाग. आणि भाकरीही आता लहान, एका ठरावीक वाटीच्या पिठाची. आयुष्यभर जिनं परातभर पीठ मळलं, तिनं वाटी घेऊन बसायचं. हात ऐकेना. थापता थापता भाकरी आपली पसरत जायची. मग त्या चतकोराभोवती जेवण बांधायचं. मेथी, घेवडा, वांगं, गवार, दुधी. अंडी, पनीर, आठवड्यातून दोनदा कोंबडी किंवा मटण. शेंगदाण्याची चटणी, तीळ, घट्ट दही. पोट भरलं पाहिजे, नाहीतर पोरगी कपाटाकडं बघते. बटाटा रश्श्यातून काढला. रश्श्याला दाटपणासाठी वहिनी डाळीचं पीठ लावायच्या, तिथं मी खोबरं आणि तीळ वाटून घातले. आणि या खाण्याचीही साखर होते, मटण-पनीरचीसुद्धा, फक्त सावकाश. हे कळायला आम्हाला वेळ लागला.

एक गोष्ट मात्र मी अभिमानानं सांगते. मासवडीवाल्याच्या घरात पोरीला मासवडी नाही, हे मला बघवेना. सारण चालत होतं, तीळ-खोबरंच ते. अडचण बेसनाच्या जाड पापुद्र्याची. मी अंडी फेटून त्यात चमचाभर बेसन घातलं, तव्यावर पातळ पोळी केली, तिच्यात सारण गुंडाळलं आणि वड्या कापल्या. अण्णांनी ताटात डोकावून पाहिलं.

"मावशी, ही मासवडी बाटवली की तुमी."

"चाखून बोला," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी चाखली. मग पोरीच्या ताटातल्या अजून तीन उचलल्या. मनीषा म्हणाली, माझं इंजेक्शनपण घ्या आता.

हळूहळू घडी बसली. दुपारची साखर दीडशेच्या आत राहायला लागली. पाच वाजताचं घामाघूम होणं थांबलं. मॅडम दर खेपेला इंजेक्शनचं माप थोडं उतरवायच्या. मनीषानं शिक्षिकेचा कोर्स पुरा केला. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात एका शाळेत तिला नोकरी मिळाली. तिथं खोली घेऊन राहावं लागणार होतं. सगळ्यांनी पेढे खावेत अशी गोष्ट. पण आमच्या घरात तेव्हा पेढा येणं बंद झालं होतं, ते असं.

एका दुपारी आबा जेवायला आले होते. मनीषाला शेजारी बसवून म्हणाले, "पोरी, माजी गोळी सुटली. तुजं इंजेक्शन बी सुटंल. मन घट्ट कर फकस्त."

मनीषा म्हणाली, "आबा, तुमच्या विहिरीत गाळ साठला होता. तुम्ही गाळ काढला, पाणी लागलं. माझ्या विहिरीचा झराच आटलाय. मला टँकर लागणारच. फक्त बाग आता लहान केलीय, म्हणून कमी टँकर लागतात."

आबा शेतकरी माणूस. झरा म्हटल्यावर समजले, आणि पुन्हा त्यांनी तो विषय तिच्यापाशी काढला नाही. पण गल्ल्यावर बसलेल्या अण्णांच्या कानात आबांचंच वाक्य राहिलं. त्यांनी मनाशी बेरीज मांडली होती. माप उतरतंय, म्हणजे उतरत उतरत शून्यावर येणार. बापाच्या मनाला दुसरं काही दिसेना.

त्या रविवारी त्यांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबासमोर बेलभंडार उचलला. आमच्या या भागात बेलभंडार उचलून दिलेला शब्द मागं घेत नाहीत. पोरीचं इंजेक्शन सुटेपर्यंत या घरात गोडाचा कण येणार नाही, असा शब्द. साखरेचा डबा गड्याला दिला, गूळ गाईंना घातला. मनीषाचा ग्लुकोजचा पुडा होता, तोही उचलला. तिनं हात धरला, अण्णा, ते औषध आहे.

"साखर आन औषिध?" अण्णा म्हणाले. "मग आजार कशाचा हाये?"

याला उत्तर सोपं होतं, पण बापाच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं धरलेला हात सोडला. मी मध्ये म्हटलं, मॅडमची अट होती, साखर जवळ पाहिजे. अण्णा मला कधी तोडून बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, मावशी, तुमी भाकरीचं बघा. माझी खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. मी भाकरीचं बघायला लागले. लागलं तर गावात दुकान आहे, असं अण्णा आम्हाला आणि स्वतःला समजावत राहिले. मनीषानं पर्समध्ये ग्लुकोजच्या चार गोळ्या लपवल्या, तेवढाच आधार.

नोकरीचं निघालं की अण्णा म्हणायचे, जा की, इंजेक्शन सुटलं की जा. म्हणजे कधीच नाही. हे मनीषाला कळत होतं, वहिनींना कळत होतं. फक्त शब्द देवाला दिलेला होता, आणि देवाशी वाद कोण घालणार?

गावच्या जत्रेचा दिवस आला. त्या दिवशी हॉटेल बंद असतं, गावात दुकानं बंद असतात, सगळं गाव देवळाकडं. अण्णांचं घर ओढ्यापलीकडं मळ्यात. माझा साखरेचा डबा माझ्या खोलीत, म्हणजे हॉटेलमागं, लांब. वहिनी देवळात ओट्या भरायला गेल्या होत्या. मी मळ्यात चुलीवर होते. मनीषानं पालखीबरोबर सकाळभर चाल केली होती. येताना डोकं हलकं वाटलं म्हणून पर्समधल्या गोळ्या वाटेत खाल्ल्या होत्या. घरी आली, साखर तपासली, बरी होती. जेवायचं इंजेक्शन घेतलं आणि ताटावर बसली. चतकोर भाकरी, मटण, मेथी. पहिला घास मोडणार, तेवढ्यात अंगणात दोन गाड्या लागल्या. अण्णांच्या बहिणीकडचे पाहुणे.

आमच्याकडं रीत अशी की जत्रेला पंगत आधी पाहुण्यांची. घरची लेक ताटावर बसलेली आणि पाहुणे उभे, असं होत नाही. अण्णा म्हणाले, "मनू, ऊठ बाळा, पावण्यांना पाणी दे, वाढाय घे." ती उठली. मी म्हटलं, आधी दोन घास खा. ती म्हणाली, वाढते आणि बसते लगेच. तिच्या ताटावर मी ताट झाकलं. पंगत बसली. जत्रेची पंगत, आग्रहाची. रस्सा वाढ, लिंबू आण, भाकरी आण. मी भाकरी टाकत होते आणि झाकलेल्या ताटाकडं बघत होते.

मग माझ्या कानावर तिचं हसणं आलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी काही बोललं होतं, पण ते इतकं हसण्यासारखं नव्हतं. ती हसतच होती. मी वळून पाहिलं तर कपाळावर घामाचे थेंब, हातातली रश्श्याची वाटी वाकडी. मी तवा उतरवला. तिला धरून आतल्या खोलीत आणलं. "सोड मला," म्हणाली, आणि मला कधी नव्हे ते नावानं हाक मारली. साखर उतरली की माणूस आपला राहत नाही. मी तिचं बोट टोचलं. बेचाळीस.

अण्णा दारात आले. मी म्हटलं, साखर पाहिजे, आत्ता. ते म्हणाले, दुकानातून आणतो, आणि मोटारसायकलकडं धावले, तर तिच्यापुढं पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. दुकान बंद आहे हेही त्यांना तिथं उभं राहिल्यावर आठवलं. पाहुण्यांकडं काही असेल म्हणावं, तर अण्णांनीच सगळ्यांना फोन करून बजावलं होतं, गोडधोड आणू नका. त्यांनी फरसाणचे पुडे आणले होते. दूध होतं तेवढं बिनसाखरेच्या चहात संपलेलं. भाकरीची चवड होती माझ्यासमोर, हवी तेवढी. पण भाकरीची साखर व्हायला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता. जन्मभर ज्या भाकरीवर मी जगले, ती त्या घडीला बिनकामाची. मनीषाचे डोळे जड व्हायला लागले. शुद्ध गेली की तोंडात काही घालता येत नाही, श्वासात जातं, हे मॅडमनी मला चारदा बजावलं होतं. त्याच्या आत काहीतरी द्यायला हवं होतं.

मला देव्हारा दिसला. खंडोबाच्या टाकापुढं पितळेची छोटी डबी. खडीसाखरेची. घरातला प्रत्येक डबा रिकामा झाला होता, पण देवाचा नैवेद्य काढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्या देव्हाऱ्याला मी कधी हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या कुळाचा देव.

"अण्णा," मी म्हटलं, "देवाची डबी."

ते जागच्या जागी थांबले. ज्या देवाला शब्द दिला, त्याच्याच पुढची साखर उचलून त्याच घरात ती पोरीच्या तोंडात घालायची. मी त्यांच्याकडं बघत होते आणि ते देवाकडं. मला तो वेळ फार लांब वाटला. प्रत्यक्षात त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. डबी उचलली, झाकण उघडलं, खडे खलबत्त्यात ओतले आणि कुटायला लागले. इतका मोठा माणूस, पण बत्ता खलात लागेना. अर्धी साखर उडत होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून कुटली. पाण्यात ढवळून मी तिच्या ओठांना लावली. पहिला घोट तिनं थुंकला. दुसरा गिळला.

"घे मनू, घे माजे बाय," अण्णा म्हणत होते. "देवाचा परसाद हाये."

पेला संपला. थांबायचं, आणि पुन्हा तपासायचं, असा नियम. थांबणं किती अवघड असतं! बाहेर पंगत हात सुकवत बसली होती. आतून अण्णांचा आवाज ऐकून कुणी उठलं नव्हतं की जेवत नव्हतं. पुन्हा बोट टोचलं. अडुसष्ट. थोडी अजून दिली. नव्वद. मनीषानं डोळे नीट उघडले, ओला पदर पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, भाकरी करपली का?"

तवा मी उतरवला होता, पण त्यावरची भाकरी खरंच करपली होती.

मी तिला तिथंच ताट आणून दिलं. चतकोर भाकरी तिनं सावकाश खाल्ली. अण्णा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, हाताला साखर चिकटलेली. थोड्या वेळानं म्हणाले, आता तर तुला डोंगरात धाडायचं नावच नको. तिथं असं झालं असतं तर?

मनीषानं घास संपवला. आवाज चढवला नाही.

"अण्णा, तिथं माझ्या पिशवीत साखर असती. माझ्या टेबलात असती, उशाशी असती. आज मी रस्त्यावर असते, एसटीत असते, तरी कुणीतरी एखादी गोड गोळी दिली असती. सगळ्या जगात साखर नव्हती ते एकच घर होतं, तुमचं."

ती पुढं म्हणाली, "इंजेक्शन सुटणार नाही, अण्णा. कधीच नाही. ते लागतंय म्हणून मी आजारी नाही. ते आहे म्हणून मी आहे. तुम्ही देवाकडं ते सुटायचं मागितलं, म्हणजे काय मागितलं ते बघा."

अण्णांनी हाताकडं पाहिलं. मग उठून पंगतीत गेले आणि पाहुण्यांना म्हणाले, जेवा राव, पोरगी जेवती आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा बेलभंडार उचलला. मी ओसरीत शेंगा फोडत होते, त्यामुळं ऐकलं. "देवा," ते म्हणाले, "आडाण्यागत मागितलं. त्ये माघारी घेतो. तुजी साखर तू दिली, त्यातच मला कळलं. आता मागनं एकच, तिचं इंजेक्शन तिला कधी कमी पडू देऊ नको." मग आंघोळीच्या ओल्या केसांनी तसेच दुकानात गेले. त्या दिवसापासून आमच्याकडं साखर इतक्या ठिकाणी आहे की मुंग्यांनी घर बांधलंय. गल्ल्यात, मोटारसायकलच्या डिक्कीत, वहिनींच्या बटव्यात, देव्हाऱ्यात. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक डबी असते. गिऱ्हाइकाला घाम आलेला दिसला की ते आधी डबी काढतात. एकदा रश्श्यानं घामाघूम झालेल्या एका ट्रकवाल्याला त्यांनी साखर खायला लावली होती. स्वतः मात्र गोड खात नाहीत. तेवढा शब्द पाळतो, म्हणतात.

मनीषाला सोडायला जुन्नरपर्यंत आम्ही सगळे, आणि पुढं डोंगरात मी. आठवडाभर राहिले. खोलीची मालकीण, हौसाबाई, भातशेतीवाल्या. भात न खाणारी मास्तरीण त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी वाफाळता भात घेऊन आल्या आणि पोरीनं मूठभर घेतला, तर त्यांचं तोंड उतरलं. आमचा तांदूळ आवडला न्हाई का बाई? मनीषानं त्यांना चुलीपाशी बसून सगळं सांगितलं, इंजेक्शन दाखवलं, साखरेची डबी दाखवली. हौसाबाईंनी डबी हातात घेऊन विचारलं, "म्हंजी भात वैरी, आन साखर सोयरी?" मनीषा म्हणाली, तसंच काहीसं, पण दोघांना ओळखून. दुसऱ्या दिवशी हौसाबाई कोंबडीची अंडी आणि रानातली भाजी घेऊन आल्या, आणि मला म्हणाल्या, जा तू बिनघोर. मी बिनघोर कसली? पण आले.

माझ्या हातची भाकरी खाऊन कितीतरी माणसं रस्त्याला लागली. त्यातल्या कुणाची नावं मला ठाऊक नाहीत. जिच्यासाठी मी भाकरी लहान करायला शिकले, ती आता स्वतःच्या चुलीवर स्वतःची भाकरी थापते. तिची पहिली भाकरी मी पाहिली. काठ फाटलेला, पण माप अचूक. मला माझ्या मोठ्या भाकरीचं जरा वाईट वाटलं, आणि लगेच बरंही वाटलं.

रोज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिचा फोन येतो. मी परातीपाशी असते, हात पिठाचे, म्हणून अण्णा फोन माझ्या कानाला धरतात आणि स्वतःचा कानही जवळ आणतात. ती हॅलो म्हणत नाही. बरी आहेस का, असं आम्हीही विचारत नाही.

"मावशी, साखर पिशवीत आहे. इंजेक्शन घेतलं. चतकोर खाल्ली."

मग अण्णा गल्ल्यावर जातात आणि मी पुढची भाकरी थापायला घेते, ताटाचा काठ झाकेल एवढी.